दोन फुल्या

काचपट्टी माझी होती. रक्त दुसऱ्याचं, पण पट्टी माझीच. डाव्या कोपऱ्यात हिऱ्याच्या टोकाने ओढलेली ती बारीक तिरकी रेघ त्या काळी माझ्याशिवाय कोणी ओढत नसे. कोता किनाबालूच्या आमच्या प्रयोगशाळेत सकाळचे साडेनऊ झाले होते, खाली रस्त्यावर बसवाले ओरडत होते, आणि डॉ. याप माझ्या टेबलाशी उभ्या राहून दुधाची कॉफी पीत होत्या. त्यांचं काम असं की ज्या काळी आम्हांला कळत नव्हतं त्या काळातल्या चारशे बारा पट्ट्या गोळा करायच्या, वाळलेलं रक्त खरवडून यंत्रात घालायचं आणि तो मलेरिया खरा कुणाचा होता, माणसाचा की माकडाचा, हे कायमचं ठरवायचं. खरवडण्याआधी प्रत्येक पट्टी एकदा जुन्या डोळ्यांनी बघावी म्हणून मला बसवलं होतं. जुने डोळे म्हणजे मी. सत्तेचाळीस वर्षांची, या कामात तेवीस वर्षं घालवलेली, चार बायकांना शिकवलेली आणि चौघींना नकोशी झालेली. दोनशे सहावी पट्टी मी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, तेलाचा थेंब टाकला, आणि मग सवयीने बाजूच्या नोंदवहीतलं नाव वाचलं. उन्साब, पुरुष, एकेचाळीस, गाव तिगाबान. जात: आळशी. पुढे दोन फुल्या. उन्साब म्हणजे माझे धाकटे काका.

आळशी हे आमचं आपसातलं नाव. माणसाच्या मलेरियाची ती जात तीन-तीन दिवसांनी एकदा वाढते, ताप देते, पण सहसा मारत नाही. माकडाचा मलेरिया काचेखाली हुबेहूब तसाच दिसतो, रक्तपेशीवर आडवा पट्टा ओढल्यासारखा. फरक इतकाच की तो रोज वाढतो. आज दहा तर उद्या शंभर. पुस्तकात तेव्हा माकडाचा मलेरिया माणसाला होतो असं कुठे नव्हतं, म्हणून आडवा पट्टा दिसला की आम्ही आळशी लिहायचो आणि लोकांना गोळ्या देऊन घरी पाठवायचो. सगळेच लिहायचे. हे वाक्य मी अठरा वर्षं रोज दात घासावेत तसं मनात म्हणत आले आहे. सगळेच लिहायचे, पुस्तकच चुकलं होतं, आणि सगळ्यांची चूक म्हणजे कुणाचीच नाही. मी डोळा लावला. रंग अजून टिकला होता, जांभळा, थोडा मळकट. एका जागी पंधरा. पट्टी सरकवली, सतरा. पुन्हा सरकवली. तिथेही तेवढेच. दोन फुल्या म्हणजे शंभर वेळा जागा बदलावी तेव्हा कुठे पन्नासएक दिसावेत. एका जागी पंधरा असले तर चार फुल्या, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि चार फुल्या असल्या तर जात कुठली का असेना, माणसाला घरी सोडत नाहीत. पुस्तक जातीबाबत चुकलं होतं. मोजण्याबाबत पुस्तक अगदी बरोबर होतं.

"काय झालं जुलिंदाताई, बुरशी लागलीय का?" डॉ. यापनी विचारलं. "लागली असेल तर बाजूला टाका, नाहीतर द्या, मी खरवडायला घेते." हात पुढे केला त्यांनी. दिली असती तर पाच मिनिटांत काच कोरी झाली असती. यंत्राने "माकडाचा" एवढंच सांगितलं असतं, किती ते सांगितलं नसतं, आणि जगात कुणालाच ते कधी कळलं नसतं. मी पट्टी खरंच उचलली होती. दोन बोटांत धरली होती. तेवढ्यात फोन वाजला आणि धाकट्या बहिणीचं, रोझिमाचं नाव दिसलं. ती कामाच्या वेळी कधी फोन करत नाही.

"ताई, आपांना ताप आहे. चौथा दिवस."

"चौथा? आणि तू आज सांगतेस?"

"ओरडू नकोस. त्यांनीच सांगू दिलं नाही. गेल्या आठवड्यात ओढ्यापलीकडे वेत आणायला गेले होते. आज लघवी काळी झाली. गाडी आणलीय मी दारात, पण बसतच नाहीत. म्हणतात झाडाचं आहे, झाडाला घेऊ दे. धरायला गेले तर लाथ मारली मला. ताई, तू ये. तुझंच ऐकतील."

आपा, आमचे वडील, माझं ऐकतील. मी पट्टी खोक्यात ठेवली, खोक्यावर माझं नाव लिहिलं आणि डॉ. यापना म्हटलं, "हिला हात लावू नका. खरवडू नका. मला परत दाखवायचीय." त्या म्हणाल्या, "कुणाला?" मी पर्स घेऊन निघाले.

तुआरानपर्यंत रस्ता भरलेला होता. लॉरीच्या मागे अडकले, तिच्यात पामची फळं होती आणि त्यांचा तो आंबट, तेलकट वास गाडीत भरून राहिला. चौथा दिवस. मी हिशेब करत होते आणि करू नये असं स्वतःला बजावत होते. पहिल्या दिवशी जेवढे, त्याच्या दहापट दुसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी मूत्रपिंडं. उन्साबकाकाही चौथ्याच दिवशी आले होते. ज्या लहानशा इस्पितळात मी तेव्हा लागले होते त्याचं नाव इथे नको. बाहेर एक हिरवा बाक होता आणि काका त्यावर मांडी घालून बसले होते, टाराप फळांची पिशवी मांडीवर घेऊन, माझ्यासाठी. तापाने डोळे लाल झालेले, तरी तोंड चालूच. "काय गं, काय निघालं माझ्या रक्तात? भाताची दारू निघाली असेल तर तुझ्या काकीला सांगू नकोस." मी चोवीस वर्षांची, पांढरा कोट चार महिन्यांचा. आदल्याच आठवड्यात एका आळशीवर मी तीन फुल्या लिहिल्या होत्या तर आमच्या हेडसाहेबांनी नोंदवही उचलून सगळ्यांसमोर वाचली होती. "या पोरीला चष्मा द्या रे कुणीतरी. आळशीचं पीक कधी एवढं येतं का? गावाकडून आलीय, धुळीचे ठिपकेपण मोजत असेल." सगळे हसले. मीपण हसले होते, ते मला जास्त आठवतं. काकांची पट्टी मी तीनदा मोजली. तिन्ही वेळा फार आले. मग मला वाटलं, रंगात काही गडबड असेल, धूळ असेल, मी गावाकडची आहे. पेन्सिलीने दोन फुल्या काढल्या आणि थांबले. आणखी दोन फुल्या काढायच्या होत्या. त्या काढल्या नाहीत, बस.

बाहेर जाऊन म्हटलं, "आळशी जात आहे, काका. गोळ्या घ्या आणि झोपून राहा." ते म्हणाले, "आळशी? म्हणजे आमच्या घराण्यातलीच की." टाराप ठेवून गेले. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

कोता बेलुदच्या पुढे पर्वत डावीउजवीकडे सरकत राहिला, ढगांत कमरेपर्यंत. एका वळणावर माकडं बसली होती, रस्त्याच्या कडेला, शेपट्या खाली सोडून, एक मादी पोराच्या डोक्यातलं काहीतरी वेचत होती. इतक्या वर्षांत मी त्यांचं रक्त किती पाहिलं. त्यांना काही होत नाही त्याने. आजार त्यांच्यात मुरलेला असतो, ती निवांत फळं खातात, आणि आपण त्यांचं झाड तोडायला जातो तेव्हा तिथले डास आपल्याला चावतात. एवढं साधं आहे. आपांनी आणि काकांनी तेव्हा घरामागचा नुनुक तोडला होता, रबराची रोपं लावायला. वडासारखं प्रचंड झाड, त्यावर माकडांचा कळप आणि, गावाच्या म्हणण्याप्रमाणे, एक रोगोन, म्हणजे झाडात राहणारं भूत. रोगोनला विचारल्याशिवाय झाड तोडत नाहीत. बोबोलिझान म्हातारी येते, मंत्र म्हणते, कोंबडी देते, मग करवत लावायची. त्या वर्षी म्हातारी आजारी होती आणि आपा घाईत होते. दोघे भाऊ चार दिवस संध्याकाळपर्यंत करवत ओढत होते. पुढे बाराव्या दिवशी काका गेले.

एका छपराखाली ओळीने बिऱ्हाडं असलेल्या आमच्या लांबघराच्या ओसरीवर काकांना ठेवलं होतं तो दुपारचा प्रकार मी मनात असंख्य वेळा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी तोच एक भाग वगळून. माणसं ओळीने बसलेली, घंटा वाजून थांबलेल्या. मिलियाह काकीचा भाऊ, दंडांवर शिरा आलेला माणूस, मध्येच उठला आणि म्हणाला, "इस्पितळात गेला होता ना हा? तिथून चालत आला ना? मग रक्त कोणी बघितलं त्याचं?" मी खांबापाशी उभी होते. पाठीला खांबाची गाठ टोचत होती. कुणी माझ्याकडे वळायच्या आत आपा उभे राहिले आणि म्हणाले, "नुनुक मी तोडला. विचारलं नव्हतं. हे माझ्यावर." मग सगळे आपांकडे बघायला लागले आणि मी सुटले. मला तेव्हा राग आला होता आपांचा, खरंच राग. बायबल वाचणारा माणूस आणि भुतावर विश्वास ठेवतो, असं मी रोझिमाला म्हणालेसुद्धा. पंचायत बसली. सोगित ठरलं, म्हणजे तापलेलं निवावं म्हणून द्यायचं ते देणं: एक मोठं डुक्कर. आपांनी ते स्वतः दोरीने ओढत काकीच्या दारात नेलं. त्या दिवसापासून भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे काकी, आणि मध्ये बोलणं नाही. आपा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागले. रबर लावलं नाही, ती जागा तशीच पडली. दोनदा ताप आला तेव्हा दवाखान्यात गेले नाहीत. मी शहरातून गोळ्या पाठवायचे आणि त्या डब्यात पडून राहायच्या. पाच वर्षांनी सारावाकहून एक शिक्षक आले आणि पडद्यावर ते आडवे पट्टे दाखवून म्हणाले, "हे तुमचे आळशी. जवळजवळ सगळे माकडांचे होते." मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन टिपणं काढली. तेव्हाच गावी जाऊन आपांना सांगता आलं असतं, की झाड नव्हतं. अर्धं खरं तरी सांगता आलं असतं. पण अर्धं सांगितलं की माणसं उरलेलं विचारतात.

तिगाबानला पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. रोझिमाची गाडी दारात, दारं उघडी, आणि रोझिमा पायरीवर बसून रडत होती. आत आपा चटईवर. एवढासा देह झालेला, डोळे पिवळे, हात लावला तर चटका बसावा असे तापलेले. बांबूच्या भिंतीपलीकडून बारीक आवाज येत होता. काकी मणी ओवत होती, डब्यात मणी पडल्याचा तो टिकटिक आवाज आम्ही तेवीस वर्षं ऐकत आलो.

"आलीस का," आपा म्हणाले. "सुट्टी नाही ना आज?"

"आपा, उठा. गाडीत बसायचं."

"मी नाही येत."

"हा माकडांचा ताप आहे. सुई आहे त्याला आता. दोन दिवसांत बरे व्हाल. उशीर केलात तर—"

"झाडाचा आहे."

मी त्यांच्या कानाशी वाकले. गाडीत जवळजवळ चार तास जुळवलेलं वाक्य सोडून भलतंच बाहेर आलं. "आपा, झाड नव्हतंच कधी. काकांचं रक्त मी बघितलं होतं. मी चुकीचं लिहिलं. आज सकाळी परत बघितली ती पट्टी. फार होते त्यात आपा, फार. मला तेव्हाही दिसले होते."

आपांनी डोळे मिटले. मला वाटलं शुद्ध गेली. मग म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"उन्साब सांगून गेला. शेवटच्या दिवशी. म्हणाला, पोरगी खोलीतून बाहेर आली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती, पिशवीकडे बघत होती. तिचं काहीतरी चुकलंय, पण तिला काही बोलू नकोस." श्वास घ्यायला थांबले. "मग त्या दिवशी त्याच्या मेव्हण्याने विचारलं, रक्त कोणी बघितलं. तू खांबाला चिकटून उभी. तोंड पांढरं पडलेलं. म्हणून म्हटलं, झाड."

तेवीस वर्षं मी या माणसाला अडाणी समजून त्याच्यावर दया करत होते, आणि तो माझ्यावर. "मग चला ना आता," मी म्हटलं, जवळजवळ ओरडले. "माहीत आहे तर चला ना! कशाला मरता झाडासाठी?"

"हळू बोल." त्यांनी डोळ्यांनी भिंत दाखवली. "तिथे जाऊन मी बरा झालो, तर ती विचारेल. याचा ताप सुईने गेला, मग माझ्या नवऱ्याचा का नाही? काय सांगशील तिला? मी काय सांगू? एवढी वर्षं गेलो नाही ते काय उगाच? माझं वय झालं. तू जा. तुझी नोकरी आहे."

मण्यांचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते मला सांगता येणार नाही. लांबघरात भिंती नावाला असतात. कोण कुशीवर वळलं तेसुद्धा कळतं, हे तिथे जन्मलेल्या मला कुणी सांगायला नको होतं, आणि तरी मी ओरडले होते. मुद्दाम ओरडले का, असं नंतर मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. मी उठले. आमच्या दारापासून काकीच्या दारापर्यंत ओसरीवरून सात पावलं आहेत. लहानपणी मी ती धावत जायचे, तिच्याकडे भाजलेला कसावा असायचा. आता पायांखाली बांबूच्या पट्ट्या वाकत होत्या आणि फटींतून खाली कोंबड्या दिसत होत्या. काकी दारातच उभी होती. म्हातारी झाली होती. हातात अर्धवट ओवलेली माळ, मण्यांचं टोक बोटांत धरलेलं, सुटू नये म्हणून.

"काकी," मी म्हटलं. "ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं. एक सांग." तिचा आवाज सरळ होता. "त्या दिवशी तू नीट बघितलं होतंस का?"

किती सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर मी एक चुकलेली पोरगी झाले असते, नवी, घाबरलेली. चुका कुणाच्या होत नाहीत? पुस्तकात नव्हतं म्हटलं असतं तर तेही खरं होतं. काकी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी, या वेळी, तिच्याकडे बघत होते.

"नीट बघितलं होतं, काकी. तीनदा मोजलं. मग कमी लिहिलं. लोक हसतील म्हणून."

तिने माळ खाली ठेवली नाही. मला वाटलं आता ती मारेल, मारावं तिने. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला, रडण्याआधी हलतो तसा, पण ती रडली नाही. "हसतील म्हणून," ती म्हणाली. "आणि त्या डुकराचं मांस मी गावभर वाटलं. हा म्हातारा पायरीशी मान खाली घालून उभा होता आणि मी थुंकले होते त्याच्या पुढ्यात." मला बाजूला सारून ती सात पावलं चालत गेली आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या दारात शिरली. आपा तिला बघून उठायला धडपडले. "पडून राहा," ती ओरडली. "आता उठायला बघतोय! मला फसवून मरणार होतास होय रे? रोझिमा, रडतेस काय, पाय धर याचे. डोकं मी धरते."

गाडीत मागे ती बसली, आपांचं डोकं मांडीवर घेऊन. इस्पितळ चाळीस मिनिटांवर होतं. आरशात मला फक्त तिचा हात दिसत होता, ओला फडका धरलेला. इस्पितळाचं फाटक दिसलं तेव्हा तिने विचारलं, "आता याचं रक्त कोण बघणार?"

"असेल कोणीतरी मुलगी. ड्यूटीवर असते ती."

"तुला आत जाऊ देतील का?"

"देतील. ओळखतात मला."

"मग तू जा आणि तिच्याजवळ उभी राहा. सोगितचं आपण नंतर बघू. डुक्कर तू स्वतः ओढत आणायचं, शहरातून माणूस पाठवायचा नाही. आधी तिच्याजवळ उभी राहा."

मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल, डोक्याला गुलाबी रुमाल, गळ्यात ओळखपत्र. मला पाहून उभी राहिली, प्रशिक्षणात मी तिला ओरडले होते म्हणे. मी म्हटलं, बस, काम कर. काचेवर रक्त पसरलं, रंग चढला, वाळला. खिडकीतून पाच वाजताचं ऊन तिच्या टेबलावर येत होतं. तिने डोळा लावला आणि मोजणीयंत्राचं बटण दाबायला लागली, आणि ती टिकटिक भराभर वाजायला लागली. ती थांबली. पट्टी सरकवली, पुन्हा मोजलं. पुन्हा. मग तिने मान वर न करता पेन उचललं आणि कागदाच्या वर धरून ठेवलं. तिचं ते थांबणं मी ओळखलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माझंच चुकतंय का? फारच दिसताहेत."

"किती वेळा मोजलंस?"

"तीनदा."

"मग फारच लिही," मी म्हटलं, आणि चौथी फुली काढून होईपर्यंत तिच्या खांद्यामागून हलले नाही.